दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या, आता अल्टरनेटर बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2011ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 30 हजार किलोमीटर झालेली. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. पावसात रात्री कुंभार्ली घाट चढताना हेडलाइट मंदावतात आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. गॅरेजवाल्याने बॅटरीवर मीटर धरला, 14.1 व्होल्ट आले, तरी तो म्हणाला, "डायनामो गेलाय, अख्खा बदला." (डायनामो म्हणजे इथे अल्टरनेटरच, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून करंट तयार करणारा.) बदलू का?

इतक्यात नको. मी 28 वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतोय, त्यातली बहुतेक कोकणात. माझ्या टेबलावर 'गेलेला' म्हणून येणारे बरेच अल्टरनेटर धडधाकट असतात. करंट तयार होतो, पण बॅटरीपर्यंत पोचत नाही, किंवा पोचतो आणि गाडी उभी असताना गळून जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार. तुमच्या गाडीत चोर वायरीत, पट्ट्यात किंवा कार्बनमध्ये (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला घासत करंट पोचवणाऱ्या कांड्यांत) असावा असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर पाना लावायचा नाही, आधी मीटर लावायचा.

त्या 14.1 पासूनच सुरुवात करू. आकडा खोटा नाही, अपुरा आहे. गाडी न्यूट्रलला, दिवसाउजेडी, दिवे बंद, एसी बंद. अशा वेळी अल्टरनेटरकडे मागणी असते जेमतेम 10-15 अँपिअरची. अर्धमेला अल्टरनेटरसुद्धा तेवढ्यावर 14 दाखवतो. आता घाटातला हिशेब करा. 55 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साधारण 8 अँपिअर. ब्लोअर पूर्ण वेगात 15च्या आसपास, रेडिएटरचा पंखा लागला की तितकेच, वायपर 4-5, मागच्या काचेचा डिफॉगर 10-12, शिवाय इंजिनाचं स्वतःचं खाणं. बेरीज सहज 60 वर जाते. गाडीची परीक्षा तिथे होते, गॅरेजच्या दारात नाही.

आणि घाटात एक गोष्ट लक्षात घ्या. चढाला तुम्ही खालच्या गिअरमध्ये असता, इंजिन 2000च्या वर फिरत असतं. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरते, म्हणजे तो तेव्हा भरपूर करंट देण्याच्या स्थितीत असतो. नुसता आयडलिंगला अशक्त असता तर दिवे सिग्नलवर मंद झाले असते, घाटात उजळले असते. तुमचं उलटं होतंय. म्हणून बोजा वाढला की आडवं येणारं काय आहे ते शोधायचं: घसरणारा पट्टा, गंजलेली जोडणी, टेकत नसलेला कार्बन किंवा गेलेला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग).

गंजलेल्या जोडणीचं गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. बी प्लसच्या, म्हणजे अल्टरनेटरमधून बॅटरीकडे करंट नेणाऱ्या, जाड वायरीच्या लगमध्ये (टोकाच्या धातूच्या कडीत) हिरवा थर बसून 0.02 ओहमचा अडथळा आला असं धरा. हा इतका बारीक आहे की साध्या मीटरच्या ओहमवर दिसतच नाही. 10 अँपिअर वाहताना तिथे 0.2 व्होल्ट पडतात, कुणाला कळतही नाही. 60 अँपिअर वाहताना 1.2 व्होल्ट पडतात. अल्टरनेटर आपल्या जागी 14.2 देत असतो, बॅटरीला मिळतात 13. बऱ्याच अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) स्वतःच्या बी प्लसवरचा व्होल्टेज पाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल. बॅटरी मात्र महिनोन्महिने अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट चढतो, आणि वर्षभरात ती बसते. तुमच्या दोन बॅटऱ्यांची गोष्ट अशीच असू शकते.

म्हणून ओहम मोजायचे नाहीत, करंट वाहत असताना व्होल्टची गळती मोजायची. इंजिन चालू, कुणाला तरी 1500 ते 2000वर धरायला सांगा. हेडलाइट अप्पर, ब्लोअर पूर्ण, डिफॉगर चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टवर, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. तेही क्लॅम्पवर नाही, आतल्या शिशाच्या खुंटावर. 0.2 व्होल्टपर्यंत उत्तम, 0.3 चालेल, अर्धा व्होल्ट दिसला तर दोषी सापडला. मग दुसरी फेरी: एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटावर. इथे 0.1च्या आत हवं, 0.2 म्हणजे हद्द झाली. हात, बाह्या, ओढणी पट्ट्यापासून लांब. आणि बी प्लसचा बोल्ट इंजिन बंद असतानाही जिवंतच असतो. तिथे पाना लावायचा तर आधी बॅटरीचा मायनस काढा, नाहीतर पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगच होतं.

अर्थिंगकडे, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत येणाऱ्या करंटच्या वाटेकडे, लोक बघतच नाहीत. खाऱ्या हवेत इंजिन ते चॅसिसची विणलेली पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून पावडर झालेली असते. एकदा एका जुन्या जीपच्या चोकच्या केबलमधून धूर येतो म्हणून मालक घाबराघुबरा होऊन आला. गिअरबॉक्स उतरवताना कुणीतरी अर्थची पट्टी काढली आणि लावायला विसरला. सेल्फ मारला की स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट शोधत त्या बिचाऱ्या केबलमधून जायचा. त्या गाडीलाही तोवर नवा अल्टरनेटर बसवून झाला होता!

आता बॅटरी. ती भरलेली नसताना केलेली कुठलीही चार्जिंगची तपासणी फसवी ठरते. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, दार उघडण्याआधी मोजा; ते शक्य नसेल तर दार उघडून 20 मिनिटांनी मोजा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 अर्धी, 12च्या खाली म्हणजे उपाशी. उपाशी असेल तर आधी बाहेरच्या चार्जरने सावकाश भरा, 40 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 4 अँपिअरने. ठार बसलेली बॅटरी जंप मारून गाडीवर भरायचा मोह टाळा. अल्टरनेटरचं काम बॅटरी टिकवणं आणि गाडीचा भार वाहणं. रिकामी बॅटरी त्याला बराच वेळ पूर्ण ताकदीने राबवते, वर इंजिनाची ऊब, आणि मग डायोड खरोखरच जातात.

"जवळच्या जवळ फिरल्याने बॅटरी जाते" असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सेल्फ 200 अँपिअर ओढतो, पण दोनच सेकंद. म्हणजे 0.11 अँपिअर-अवर. डिझेलच्या ग्लो प्लगचं (सुरू करण्याआधी इंजिन तापवणाऱ्या प्लगचं) खाणं त्यात मिळवलं तरी निरोगी अल्टरनेटर ते काही मिनिटांत भरून काढतो. खरा खड्डा गाडी उभी असताना पडतो. सगळं बंद असताना गाडीने 50 मिलिअँपिअरच्या आत खायला हवं. तेवढंच खाल्लं तरी 14 दिवसांत 16.8 अँपिअर-अवर जातात, म्हणजे 40च्या बॅटरीतली दोन पंचमांश. आता त्यात जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला अलार्म, सतत जागा असलेला अँड्रॉइड स्टिरिओ मिळवा. गणपतीला आलेले चाकरमानी पुढच्या वेळी येईपर्यंत गाडी गावी लावून जातात आणि परत आल्यावर अल्टरनेटरला शिव्या देतात. तुमची गाडी आठवड्यात किती दिवस उभी असते ते तुम्ही सांगितलेलं नाही, ते महत्त्वाचं आहे.

हे खाणं मोजायला मायनस क्लॅम्प काढून मीटर 10 अँपिअरच्या छिद्रातून मध्ये घालायचा, दारं लॉक करायची, बॉनेटचा खटका पेचकसाने दाबून ठेवायचा आणि अर्धा तास थांबायचं. कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात, पहिल्या मिनिटाला दिसणारे 2-3 अँपिअर बघून घाबरू नका. आणि मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. खाणं जास्त असेल तर एकेक फ्यूज उपसत जा. सगळे फ्यूज उपसूनही ते कमी होत नसेल तर बी प्लसची वायर सोडून बघा. लगेच शून्याजवळ आलं तर अल्टरनेटरचा एखादा डायोड शॉर्ट होऊन रात्री उलटा करंट पितोय. अशा गाडीचा अल्टरनेटर सकाळी बंद इंजिनात हाताला कोमट लागतो. मीटर नसताना आम्ही हीच खूण पाहायचो.

डायोडची दुसरी चाचणी. आत तीन फेजचा एसी (इथे थंड हवेचा नाही, दिशा बदलत वाहणारा करंट) तयार होतो आणि सहा डायोड त्याचा डीसी (एकाच दिशेचा करंट) करतात. एक गेला की करंट बराच घटतो, पण बोज्याविना व्होल्टेज ठीकच दिसतो, म्हणून 14.1 वर विसंबायचं नाही. इंजिन चालू, दिवे चालू, मीटर एसी व्होल्टवर, बॅटरीच्या दोन खुंटांवर. 0.1च्या आत असेल तर डायोड ठीक. 0.5च्या पुढे गेलं तर डायोड प्लेट संशयित. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरने मात्र हे करू नका. तो एसीवर ठेवून बंद गाडीच्या बॅटरीला लावला तर एका बाजूने 25च्या वर काहीतरी दाखवतो आणि टोकं उलटी केली की शून्य, कारण तो डीसी अडवतच नाही. आधी इंजिन बंद ठेवून बघा, दोन्ही बाजूंनी शून्य आलं तरच त्या मीटरवर भरवसा.

दिव्याची भाषाही ऐकावी. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर "बरं झालं, लागत नाही" असं नसतं. जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच रोटरला (अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला) पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावर जागा होतो. अशाच गाड्यांत रात्री बोज्याखाली दिवा अगदी मंद, लालसर चमकत असेल तर बी प्लसच्या वायरीतच गळती असण्याची शक्यता मोठी, कारण बल्बच्या एका टोकाला बॅटरीचे 13 आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचे 14 येतात आणि तो त्या फरकावर पेटतो. खड्ड्यात लागून विझत असेल तर कार्बन संपत आलेत किंवा मागचा प्लग ढिला आहे. पाण्यात गेल्यावर किंवा एसी लावताच किंचाळीसोबत लागत असेल तर पट्टा. तुमचा मिणमिणणारा दिवा यांपैकी कुठला, ते पुढच्या वेळी शेजारी बसलेल्याला नीट बघायला सांगा. स्टिअरिंग धरून तुम्ही बघू नका.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक सावधगिरी. गेल्या काही वर्षांच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम 12.8 वर खाली येतो, इंधन वाचवायला, आणि उताराला पाय उचलला की 14.5च्या वर जातो. असा 12.8 बघून अल्टरनेटर काढलेला मी पाहिला आहे. आधी दिवे आणि ब्लोअर लावा, आकडा वर चढतो का ते बघा, शंका असेल तर स्कॅनर लावा. बॅटरीच्या मायनस क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर चार्जरचा किंवा जंप केबलचा मायनस खुंटावर नको, इंजिनाच्या धातूवर लावा. नाहीतर सेन्सरला कळतच नाही की बॅटरीत किती भर पडली.

पट्ट्याबद्दल थोडंच. जुन्या व्ही पट्ट्याला अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबायला हवा. त्याहून घट्ट केलात तर किंचाळी थांबते आणि बेअरिंग मरतं. नव्या रबराच्या खाचांच्या पट्ट्याला चिरा पडत नाहीत, तो टायरसारखा झिजतो, त्यामुळे वरून छान दिसतो आणि ओला झाला की घसरतो. घसरू नये म्हणून साबण, राळ, स्प्रे असलं काही लावू नका. बऱ्याच डिझेल गाड्यांत पुलीच्या आत एकाच दिशेने फिरणारा क्लच असतो. इंजिन बंद करून, पट्टा काढून, आतला शाफ्ट अडवून पुली फिरवा: एका बाजूला मोकळी, दुसऱ्या बाजूला पकडणारी हवी. दोन्हीकडे मोकळी झाली की इंजिन पळतं आणि अल्टरनेटर मागे राहतो. दोन्हीकडे जाम झाली की पट्टा थडथडतो. मीही एकदा या पुलीमुळे फसलो होतो, दोन दिवस रेग्युलेटरच बदलत बसलो.

घरघर येत असेल तर लांब पेचकस अल्टरनेटरच्या बॉडीला आणि मूठ कानाला. पट्टा काढून काही सेकंद इंजिन चालवा, आवाज गेला तर तो पट्ट्यावर फिरणाऱ्या भागातला, मग बेअरिंगकडे बघा. बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या, चार पैसे वाचवायला उघडं बसवू नका.

आता कोकणातलं खास. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारू देऊ नका. रॉकेल-डिझेलचा फवारा त्याहून वाईट, तो बेअरिंगचं ग्रीस धुतो आणि कार्बनमध्ये चिखल करतो. मारायचंच असेल तर अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. वरून ऑइल गळत असेल, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा पॉवर स्टिअरिंगच्या पाइपमधून, तर आधी ते थांबवा, नाहीतर नवा अल्टरनेटरही त्याच वाटेने जाईल. जुन्या वडापच्या डिझेल गाड्यांत तर ब्रेकचा व्हॅक्यूम पंपच अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असायचा, इंजिन ऑइलवर चालणारा. त्याचं सील गेलं की ऑइल थेट कार्बनवर. आणि तशा गाडीत पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते, पेडल दगडासारखं होतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर लाल दिवा लागताच, घाटात असाल तर विशेषच, बाजूला घ्या.

पुराचं पाणी लागलेली गाडी वेगळीच. 22 जुलै 2021ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी महिने माझ्याकडे अल्टरनेटरच येत होते. लोकांनी गाड्या वाळवल्या, सेल्फ मारला, चालू झाल्या म्हणून खूश झाले. गाळ आतच राहिला होता. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडा, अल्टरनेटर उतरवा, खोला, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, बेअरिंग आणि कार्बन डोळे झाकून बदला. डायोड प्लेटवर हिरवट डाग दिसले तर तीही.

बॅटरीचा क्लॅम्प काढून "गाडी चालू राहते का बघू" ही चाचणी कुणी करायला आला तर त्याचा हात धरा. अल्टरनेटर येण्याआधीच्या, खऱ्या डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळतो आणि त्याची किंमत इंजिनाच्या कॉम्प्युटरने मोजायची वेळ येते.

समजा सगळं तपासून अल्टरनेटरच दोषी निघाला, तरी अख्खा बदलण्याआधी खोलून बघा. 1 लाख 30 हजारांवर कार्बन संपणं स्वाभाविक आहे. होल्डरबाहेर 5 मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला. स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्या) काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने पुसा, खोल खाच पडली असेल तर लेथ. दोन रिंगांमध्ये साधारण 2 ते 5 ओहम यावेत, रिंग आणि शाफ्टमध्ये काहीच येऊ नये. स्टेटरचा (बाहेरच्या स्थिर गुंडाळीचा) रेझिस्टन्स साध्या मीटरवर कळत नाही, त्याला नाक आणि डोळे: वार्निश सोनेरी असेल तर ठीक, काळं पडून जळका वास येत असेल तर रिवाइंडिंगच्या फंदात न पडता बदललेला बरा. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोड प्लेट यांचं काम मात्र मूळ अल्टरनेटरवर करून घेणं मी केव्हाही पसंत करतो. बाजारातला रंग मारून चकचकीत केलेला 'रिकंडिशन' आत काय आहे ते सांगत नाही. बदललातच तर पाटीवरचा अँपिअरचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नको.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: या रविवारी सकाळी उभ्या गाडीचा व्होल्टेज, मग दोन्ही टर्मिनल, बी प्लस आणि अर्थच्या पट्टीची टोकं काढून ब्रशने घासून पुन्हा आवळा. पण घासण्याआधी बोज्याखालची ती दोन मापं घ्या आणि लिहून ठेवा, घासल्यानंतर पुन्हा घ्या. दोन्ही वेळचे आकडे आणि गाडी आठवड्यात किती दिवस उभी असते ते कळवा. प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट निघाला तर नवा लग आणि मीटरभर जाड वायर एवढंच काम आहे, ते तुमचा गॅरेजवालाही करेल.